आईला कुठल्या घरात लिहू?

आई आम्हा तिघा भावांकडे पाळीने राहते. थोरला नायगावजवळ गावाकडे, धाकटा उदगीरला, मी मधला लातुरात. चार-चार महिने. जमिनीच्या वाटणीच्या बैठकीतच हे ठरलं. बांधावरून दिवसभर हुज्जत झाली, आईची पाळी मात्र चहा निवायच्या आत ठरली. आम्हाला लोक गुणी लेकरं म्हणाले, आणि मीही ते खरं मानलं.

परवा सरकारी पाहणीवाली मुलगी टॅब घेऊन आली. घरात माणसं किती, दवाखाना कुठला, नळाला पाणी कधी येतं, असं विचारत होती. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे जरा तोऱ्यातच उत्तरं देत होतो. आई दाराशी शेंगा फोडत बसली होती.

“आजी वर्षातले जास्त दिवस इथंच राहतात का?”

मी पाळीचं सांगितलं. ती गोंधळली. “मग सर, कुठल्याच घरी जास्त होत नाहीत की. पण आता तुमच्यात जेवतात. तुम्ही म्हणाल तर इथं लिहिते.”

सरकारदरबारी आई एकदा माझ्या घरची झाली, की भाऊ हात झटकायला मोकळे! लाज वाटावी असा विचार, पण पहिला तोच आला.

“नको, गावाकडे लिहितील,” मी म्हणालो.

अशा पाहणीला निवडक घरंच घेतात. गावाकडचं घर त्यात असेलच असं नाही. हे मी दरवर्षी पोरांना घसा कोरडा करून शिकवतो. दिव्याखाली अंधार म्हणावं, तर तसंही नाही. मला सगळं लख्ख दिसत होतं. आईला मी कुठंच लिहू दिलं नव्हतं.

मुलीनं आईकडे पाहिलं. आई शेंगा फोडता फोडता म्हणाली, “नगं लिहू माय. मी पावनी हाय हितं.”

मुलगी शेजारच्या घराकडे निघाली. मी फाटकाशी उभा होतो. हाक मारली असती तर तिला सहज ऐकू गेली असती. माझ्या तोंडून ती निघाली नाही. त्याचं वाईट अजून वाटतं, आणि वाईट वाटून पाळी काही बदललेली नाही.

दुपारी बायकोनं ताटं घेतली. एरवी आई सरळ ओट्यापाशी येते, टोपलीतली भाकरी आपल्या हातानं घेते, सुनेला भाजीत मीठ कमी पडल्याचं सुनावते. त्या दिवशी ती आली नाही. बघायला गेलो, तर खाटेच्या कडेला पदर सावरून बसलेली.

“आई, ताट वाढलंय. चल की.”

“तुमच्या घरच्यांचं होऊ दे आधी,” ती म्हणाली.