नंबरावरची जीप

मॅनेजमेंटच्या डिग्रीत तीन वर्षं काय शिकलीस, असं कुणी विचारलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. शिकले ना! गिऱ्हाईक कसं ओढायचं, माणसं कशी हाताळायची, वेळ कुठे वाया जातो ते कसं हुडकायचं. शेवटच्या वर्षाला एका खऱ्या धंद्याचा अभ्यास करून प्रोजेक्ट लिहायचा होता. वर्गातल्या पोरांनी मॉल घेतले, बँका घेतल्या. मी घरचाच धंदा घेतला. माझे वडील कशेळे ते कर्जत जीप चालवतात.

आमच्या स्टँडचा कायदा साधा. जीप नंबराने लागते, पहिली भरल्याशिवाय सुटत नाही आणि ती सुटेपर्यंत दुसरीत कुणी बसायचं नाही. ही गोष्ट लहानपणापासून माझ्या डोक्यात जायची. धंद्याची ताकद, कमजोरी, संधी आणि धोका चार चौकोनांत मांडायला कॉलेजात शिकवलं होतं. कमजोरीच्या चौकोनात मी नंबर टाकला, त्याखाली 'ड्रायव्हरांची मानसिकता'. नंबराऐवजी वेळापत्रक, हा माझा उपाय. सरांनी पाठ थोपटली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळची एसटी आलीच नाही. अकराला हजर नसले तर प्रोजेक्ट बाद, म्हणजे वर्ष बाद. आणि वर्ष गेलं की आत्याने आणलेलं स्थळ माझ्या मानगुटीवर बसलंच म्हणून समजा. स्टँडवर पहिला नंबर बाबांचाच होता. गाडीत मला धरून सहा माणसं. हवीत दहा.

"बाबा, सोडा ना गाडी!"

"भरू दे."

"माजी परीक्षा हाय!"

"मंग? लोकांची कोर्टाची तारीख असती, दवाखाना असतो. मागं लगनाला जायाचं म्हनून एकानं रिकामी गाडी काडली, तर मीच त्याला चार दिवस बंद ठेवला. आता पोरीसाठी काडू?"

रिक्षावाल्याकडे पळाले. तो म्हणाला, "जीप नंबरावर असताना कर्जतचं पॅसेंजर उचललं, तर तुजाच बाप माज्या चाकातली हवा सोडंल." समोरून एक मोटारसायकलवाला चालला होता, त्याला हात केला, तर बाबा गाडीतूनच ओरडले, "परक्याच्या मागं बसायचं नाय!" झालं! सगळ्या वाटा बंद.

परत येऊन मधल्या सीटवर बसले. एका अंगाला भाजीची पाटी मांडीवर घेतलेली वाडीवरची म्हातारी, दुसऱ्या अंगाला न उघडणारी काच. सव्वादहा. दहा पंचवीस. जीव नुसता कोंडून गेला. "भरंल गं बाय," म्हातारी म्हणाली. तिला चावावं असं वाटलं मला. मी लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता, आणि त्या नंबरानेच माझा गळा धरला होता. मग मात्र मला रडू फुटलं.

साडेदहाला मागच्या चार जिपांचे ड्रायव्हर आले आणि दाटीवाटीने आत चढले. "सरक गं जरा."

"आन तुमचा नंबर?" बाबांनी विचारलं. जीप रांगेतून काढली की परत शेवटून लावावी लागते.

"जाऊ दे नंबर. गाड्या बाजूला लावल्यात आमी. पॅसेंजर कोन असावा ते तुज्या कायद्यात लिवलंय का? नाय ना? भरली गाडी. मार किल्ली!"

अकराला पाच मिनिटं कमी असताना मी कॉलेजात होते. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी नेमकं तेच विचारलं, "ड्रायव्हरांची मानसिकता म्हणजे काय?" खिडकीतून खाली फाटकापाशी बाबा आणि ते चौघे ड्रायव्हर दिसत होते. खरं सांगता आलं असतं. पण प्रोजेक्ट छापून, बांधून, सरांची सही होऊन बसलेला, आणि मार्क त्यातल्या शब्दांना. मी घडाघडा बोलले. बदलाला विरोध करतात, गिऱ्हाइकाच्या वेळेची किंमत त्यांना नाही. मॅडम म्हणाल्या, "व्हेरी गुड."

फाटकापाशी आले तर, "पास का गं?"

"झाले वाटतं."

"आमचं काय लिवलंस, दाव की. आमचा फोटो हाय म्हनं त्यात."

नाही म्हणायला मला तोंड कुठे होतं? पुस्तक हातोहात फिरलं. फोटोत चौघे बॉनेटला टेकून चहा पीत हसत होते. "आयला, मी भारी आलोय!" एक काका म्हणाले. फोटोच्या डोक्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता. बाबा दहावीपर्यंत शिकलेले. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत त्यांनी वाचलं.

"प्रॉब्लेम."

त्याचं मराठी कुणालाच करून सांगावं लागलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा माझ्याकडे बघेनात. फोटोत भारी आलेल्या काकांनी पुस्तक मिटलं, शर्टाला पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"नीट ठेव, मळंल," म्हणाले, आणि गाडीत चढून मला बसायला जागा केली.