तिसरं उद्दिष्ट

शिक्षण परिषदेत तो फॉर्म हातात पडला तेव्हा जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं उरली होती. आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा असे एका शाळेत जमतात. फॉर्मवर लिहिलं होतं, वर्गात तंत्रज्ञान वापरण्यासाठी तुम्ही या वर्षी काय शिकणार आहात? तीन उद्दिष्टे लिहा. मी सव्वीस वर्षं पोरांना शिकवते आहे आणि मला कुणी 'तुम्ही काय शिकणार' असं विचारलं की माझं डोकंच फिरतं. खरं सांगायचं तर आत भीती असते. पण रागाचा आव आणला की पुढे कुणी काही विचारत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

दोन उद्दिष्टं मी माझ्या मनाने लिहिली. शाळेतला टीव्ही स्वतः चालू करणे, आणि मोबाईलमधला व्हिडिओ टीव्हीवर दाखवणे. तिसरं काही सुचेना. शेजारी एक तरुण मॅडम बसल्या होत्या, पलीकडच्या गावच्या शाळेतल्या, नोकरीला चारच वर्षं झालेल्या. टपोऱ्या अक्षरात भराभर लिहीत होत्या. पेपरात कुणी मान तिरकी केली तर मी खडू फेकून मारते. त्या दिवशी मीच मान तिरकी केली आणि त्यांचं तिसरं उद्दिष्ट उतरवून काढलं. 'शिकवलेला भाग प्रत्येक मुलाला कळला की नाही, हे तंत्रज्ञानाच्या मदतीने तिथल्या तिथे तपासायला शिकणे.' वाक्य छान होतं. म्हणजे नेमकं काय करायचं, याचा विचार मी केला नाही. सही केली आणि जेवायला गेले.

पंधरा दिवसांनी केंद्रप्रमुखांचा फोन आला.

"बाई, तुमचं तिसरं उद्दिष्ट तालुक्याच्या शिक्षणाधिकारी साहेबाले लय आवडलं. पुढची परिषद तुमच्याच शाळेत ठेवली. आदर्श पाठ तुम्हीच घ्या."

"माझाच काऊन? त्या मॅडमनं पण तेच लिवलं असन."

"त्या नवीन हायेत ना. तुम्ही सिनियर. सिनियर माणसानं असं लिवलं म्हणून तर साहेब खूश झाले."

आमचं गाव पोंभुर्ण्याकडच्या जंगलाला लागून आहे. शाळेच्या रस्त्यावर वाघ आडवा गेलेला मी दोनदा पाहिला आहे. दोन्ही वेळा गाडी थांबवली, तो गेला, मग मी गेले आणि पहिली घंटा वेळेवर दिली. या फोननंतर मात्र गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मी फोनकडेच पाहत उभी होते. सव्वीस वर्षांत मी एकच गोष्ट कमावली होती. तालुक्यात कुठेही विचारा, बाईंच्या वर्गात पोरगं हूं की चूं करत नाही, असंच सांगतील. आता चाळीस शिक्षकांसमोर माझ्या नावाचा पार कचरा होणार होता, आणि मला साधा टीव्हीही लावता येत नव्हता. तो लावायचे ते आमचे सर, त्यांची जूनमध्येच बदली झाली होती.

दोन दिवस मी आजारी पडायचा विचार केला. मग झक मारत त्या तरुण मॅडमना फोन केला आणि कबूल केलं की मी तुमचं उतरवलं. त्या हसल्या.

"मॅडम, मी बी दुसऱ्याचंच पाहून लिवलं होतं. पण मंग शिकली. रविवारी येते तुमच्याकडं."

रविवारी त्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आल्या. प्रत्येक कार्डावर काळ्या चौकटींची वेगळी नक्षी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात अ, ब, क, ड. प्रत्येक मुलाला त्याच्या नंबराचं कार्ड द्यायचं. प्रश्न टीव्हीवर दिसतो. ज्याला जे उत्तर वाटेल ती बाजू वर करून त्याने कार्ड धरायचं. आपण मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, ते हिरव्या-लाल रंगात टीव्हीवर येतं. त्याचं ॲप त्यांनी माझ्या मोबाईलमध्ये टाकलं, पोरांची नावं भरली आणि टीव्ही कसा लावायचा, मोबाईल त्याला कसा जोडायचा, ते कागदावर लिहून दिलं.

"मोबाईल फक्त हळूहळू फिरवाचा. हात हालवाचा नाई," त्या म्हणाल्या.

माझा हातच तर हलत होता. त्या गेल्यावर मी कार्डं व्हरांड्यातल्या खुर्च्यांना, धानाच्या पोत्यांना टेकवून ठेवली आणि मोबाईल फिरवत राहिले. पोत्यांनी पटापट उत्तरं दिली. आठवडाभर मी रोज हेच केलं. रात्री झोप लागायची नाही. लागली तर स्वप्नात टीव्ही काळा पडायचा आणि मागे बसलेले सगळे शिक्षक एकदम माना खाली घालायचे.

वर्गातही सराव घेतला, चौथीच्या बावीस पोरांवर. पण प्रश्न कोणते? आज वार कोणता, आपला जिल्हा कोणता, गाईला पाय किती. बावीसच्या बावीस हिरवे. पोरं खूश, मी त्याहून खूश. जरा धीर आला. आदर्श पाठासाठी मी हातच्याची वजाबाकी निवडली, कारण ती कधीचीच शिकवून झाली होती आणि वह्यांत सगळ्यांची बरोबर होती. उगाच नवीन काही काढून फजिती कशाला करून घ्यायची?

परिषदेच्या दिवशी सकाळपासून माझे तळहात ओले होते. साहेब मागच्या बाकावर बसले, कडेने शिक्षक. टीव्ही लागला. तिथेच मला रडू फुटायचं बाकी होतं. मी फळ्यावर एक उदाहरण सोडवलं, पोरांना विचारलं, "समजलं का?" पोरांनी छत उडेल असं "हो" म्हटलं. मग टीव्हीवर प्रश्न आणला. ५०२ वजा २३८. कार्डं वर झाली. मी श्वास रोखून मोबाईल फिरवला. हात हलला नाही.

टीव्हीवर चार नावं हिरवी होती. अठरा लाल.

मला वाटलं यंत्र बिघडलं. तोंड कोरडं पडलं, कानात नुसती घूं घूं सुरू झाली. मी ओरडले, "नीट धरा कार्डं! लक्ष कुठी हाय तुमचं?" बाकांवर 'ब, ब' अशी कुजबुज झाली. वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी पहिल्या बाकावर बसते, चार वर्षं तिचाच पहिला नंबर. सगळ्यांनी तिच्याकडे पाहून आपापली कार्डं फिरवली. मी पुन्हा मोबाईल फिरवला. आता बावीसच्या बावीस लाल. जे चार बरोबर होते तेही तिचं पाहून चुकले.

ब म्हणजे ३३६. पोरांनी प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा वजा केला होता, वर असो की खाली. हातचा घेणं त्यांना माहीतच नव्हतं. मग वह्यांतलं? वह्यांतलं माझंच होतं. मी फळ्यावर सोडवायची, ती उतरवायची आणि मी त्यावर लाल पेनाने बरोबरच्या खुणा करायची. त्या तरुण मॅडम पुढे आल्या, मोबाईल पाहिला आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, मोबाईल बरोबर हाय."

साहेबांनी विचारलं, "बाई, हा भाग झालाय ना?"

"झालाय" एवढंच म्हणून मोकळं होता आलं असतं. पोरं पहिल्यांदाच कार्डं वापरताहेत, गोंधळली, असंही सांगता आलं असतं. जिभेवर तेच होतं. पण मी इतकी घाबरले होते की खोटं रचायला लागणारं डोकं जागेवर नव्हतं. मी म्हटलं, "मी शिकवलं, साहेब. त्यांना आलेलं नाही. मला माहीत नव्हतं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. साहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला अजून कळलेलं नाही आणि विचारायची हिंमतही झालेली नाही. मग चहा आला, पुढचा विषय निघाला. वाघाच्या भीतीने पोरांना चारच्या आत घरी सोडावं लागतं, म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्या हुशार पोरीला जवळ बोलावलं. आवाज शक्य तेवढा खाली ठेवला.

"तुले हातचा कधीपासून समजून नाई राह्यला?"

ती फरशीकडे पाहत म्हणाली, "दुसरीत होती तवापासून."

दुसरीतही तिला मीच होते. तिसरीतही मीच.

"मंग मले सांगितलं काऊन नाई?"

वर्ग गप्प. नेहमी असतो तसाच. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले तर तिने डोळे घट्ट मिटून घेतले. मार बसणार असं तिला वाटलं होतं. मी हात तसाच मागे घेतला. मग ती डोळे न उघडताच म्हणाली, "मॅडम, तुमचा भेव लागते."

पंधरा दिवस माझी जी गत झाली होती, कोरडं तोंड, ओले तळहात, कुणी विचारू नये म्हणून देवाची करुणा भाकणं, ते सगळं ही नऊ-दहा वर्षांची पोर तीन वर्षं रोज दप्तरासोबत घेऊन येत होती, आणि ती भीती माझ्यामुळे होती. मला फार लाज वाटली. मी खाली, तिच्या बाकाशेजारी फरशीवर बसले आणि तिची वही मागितली. तिने ती माझ्या हातात दिली आणि पटकन दोन पावलं मागे सरकली.