हिरव्या बाटलीतलं तेल

शिंदीचं झाड कधी तासायचं, हे मला कोणी शिकवायला येऊ नये. आजही येऊ नये. मी दुसरीपर्यंत शिकलो, सही करतो तीसुद्धा थांबत थांबत. पण आमच्या ओढ्याकाठच्या शिंदींना पहिला कोयता कोणत्या सकाळी लावायचा, हे बारामतीपासून इंदापुरापर्यंत माझ्याइतकं नेमकं सांगणारा माणूस त्या काळी नव्हता. ही बढाई वाटत असेल तर वाटू दे. त्याच बढाईला एका सकाळी दणका बसला.

शिंदी म्हणजे खजुराच्या जातीचं काटेरी झाड. थंडी पडली की शेंड्याखालच्या एका अंगाच्या झावळ्या काढायच्या, आतला पांढरा गाभा उघडा करून सुकू द्यायचा, मग तो पातळ तासून खाली मडकं बांधायचं. रात्रभर रस ठिबकतो. उजाडताना उतरवला तर ती गोड नीरा. ऊन लागलं की आंबते आणि ताडी होते. तेव्हा दारूबंदी नवी होती. आम्ही परवान्यावर नीरा काढायचो आणि सरकारी केंद्रावर घालायचो.

सगळी अक्कल सुरुवात करण्यात. थंडी मुरायच्या आत तासलं तर उघडा गाभा कुजतो आणि झाड शेंड्यातनं मरतं. फार उशीर केला तर झाड फुलोऱ्याला लागतं आणि रस आटतो. मधली वेळ ओळखायला माझ्या बापाची एक रीत होती. भिंतीतल्या दिवळीत खोबरेल तेलाची बाटली ठेवायची. दिवाळीनंतर सकाळी तेल गोठतंच, त्याला किंमत नाही. पण उन्हं अंगणात आली, शेळ्या चरायला गेल्या, आणि तरीही तेल घट्ट पांढरं राहिलं, म्हणजे थंडी झाडाच्या गाभ्यात पोचली. बापानं त्या बाटलीशिवाय कधी कोयता उचलला नाही. मीही नाही. बाटली हिरव्या काचेची होती, बापानंच ठेवलेली.

ज्या सालची ही गोष्ट, त्याच्या आदल्या हंगामात मी झाडावरून पडलो होतो. दवानं खोड निसरडं झालं होतं. घोट्याचं हाड सरकलं, ते हाडवैद्यानं बसवून दिलं. पावसाळ्यापर्यंत मी चालायला लागलो, जरा पाय ओढत. बायको म्हणाली, "औंदा तुमी चढू नगा. माझ्या भावाला बोलवू."

"त्याला कोयता धरता येतो का?"

"शिकवा की. तुमी काय आईच्या पोटातनं कोयता घिऊन आला व्हता?"

"मी जिता हाय तवर माझ्या झाडावर दुसरा चढायचा न्हाय."

ती गप्प बसली. ती गप्प बसली की विषय संपला, असं मी धरून चालायचो. लग्नापासून तिनं माझा शब्द मोडला नव्हता.

दिवाळी झाली. थंडी पडू लागली. मी रोज सकाळी दिवळीपाशी जाऊन बघायचो. तेल गढूळ दिसायचं, तळाला पांढरट व्हायचं, पण उन्हाची तिरीप अंगणात आली की परत पातळ. मी म्हणायचो, अजून वेळ आहे. शेळ्या अंग चोरून बसायला लागल्या, ज्वारीच्या पानांवर दव साचायला लागलं, बोलताना तोंडातनं वाफ यायला लागली. तरी तेल पातळच. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर दुसरा एकजण नीरा काढायचा, त्याची मडकी लागली. मी मनात म्हणालो, मरू देत त्याची झाडं, घाई करतोय.

चावडीपाशी माणसं चेष्टा करू लागली. एकजण म्हणाला, "आबा, बाटलीला अंगणात झोपवा. घरात उबंला पडतीया ती." दुसरा म्हणाला, "तिच्यावरची वाकळ काढा आधी." मी हसलो नाही.

मग केंद्राचा माणूस सायकलवरून आला. झाडांखाली उभा राहून त्यानं वर बघितलं.

"पलीकडची मडकी भरून येत्यात. तुमची कुठं हायती?"

"बाटली अजून वितळतीया."

त्याला काही कळेना. मी त्याला घरी आणून बाटली दाखवली. त्यानं ती हलवून बघितली. तेल आत पाण्यासारखं खेळत होतं. "वर काय कळवू?" तो म्हणाला. "बाटली वितळतीया म्हणून?"

"कळवा तसंच."

"आबा, चेष्टा न्हाय ही. येत्या बाजारापतुर मडकी लागली न्हाईत, तर ही झाडं पलीकडच्याला द्यावी लागत्याल. मला इलाज न्हाय."

ती झाडं माझ्या बापानं जोपासलेली. एक साल पूर्वेच्या अंगाला तासायचं, एक साल पश्चिमेच्या, त्यामुळं एकही झाड वाकडं झालं नव्हतं. दोन्ही अंगांच्या खाचा बघितल्या की बापानं किती हंगाम घेतले आणि मी किती, ते वाचता यायचं. ती दुसऱ्याच्या हातात जाणार होती. तरी मी बाटलीचंच धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी तंबाखू आणायला दुकानात गेलो. दुकानदार मुसलमान, माझ्या बायकोच्या माहेरचा, कळंबचा. तिला बहीण मानायचा, म्हणून मला दाजी म्हणायचा. उन्हं चांगली वर आली होती, शेळ्या केव्हाच गेल्या होत्या. बघतो तर हा बाबा शेगडीपाशी तेलाचा डबा धरून बसलेला आणि उलथन्यानं आतलं तेल खरवडतोय. पांढरंशुभ्र, मेणासारखं घट्ट.

मी वाकून डब्यात बघितलं.

"हे कसलं तेल?"

"खोबऱ्याचं. दुसरं कुठलं गोठतंय असं?"

"कवापासनं गोठतंय?"

"लई दिस झालं, दाजी. रोजचा ताप हाय. डबा शेकल्याबिगर एक गिऱ्हाईक जात न्हाय."

माझ्या डोक्यात एकदम आग गेली. मी म्हणालो, "म्हंजे मला भेसळीचं दिलंस तू. दाजी म्हणतोस आन् भेसळ घालतोस."

दुकानात दोन बाया होत्या, त्या वळून बघायला लागल्या. त्यानं उलथनं खाली ठेवलं. तेलाचा एक गोळा माझ्या तळहातावर ठेवला.

"चाखा. ह्यातलंच दिलंय तुमाला. माझ्या डब्यातनं गेल्यावर त्याचं काय झालं, ते मला इचारू नगा. घरात इचारा."

तो चिडलाही नाही. त्यानं मान खाली घातली आणि परत खरवडायला लागला. त्यानंच मी जास्त हादरलो. माझ्या घरातलं काहीतरी त्याला ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

घरी आलो. बाटली उघडून तेल हातावर ओतलं. वरून खोबऱ्याचा वास. हात चोळून परत हुंगला, तर खाली करडीचा. करडीचं तेल थंडीत गोठत नाही, आणि मिसळलं तर खोबरेलालाही गोठू देत नाही. भाकरीवर रोज खायचो ते तेल, वास चुकणार कसा? पण रोज बाटलीकडं डोळ्यांनी बघणाऱ्या मला ती एकदाही नाकाला लावावीशी वाटली नव्हती.

बायको परड्यात गोवऱ्या थापत होती.

"ह्यात करडी कुणी घातली?"

"मी." तिचे हात थांबले नाहीत.

मी गोवऱ्यांशेजारी बसलो. ओरडायची सगळी तयारी करून आलो होतो. चोर, भेसळखोर, पलीकडच्या काठाचा कावा, काहीही निघालं असतं तरी मला चाललं असतं. ही निघाली, म्हणजे आता कोणावर ओरडायचं? जिनं माझ्यापुढं कधी आवाज चढवला नाही, तिनं सगळा हंगाम पळीभर तेलानं थांबवून धरला होता. आणि माझ्याकडं बघून रोज सकाळी विचारत होती, "गोठलं का?"

"बोलायचं हुतंस," मी म्हणालो.

"बोलले की. आखाडात बोलले, दसऱ्याला बोलले. तुमी माणसाचं कुठं ऐकता? बाटलीचं ऐकता."

"झाडं जात्याली आता."

"जाऊ द्या. मागच्या साली तुमी पडला तवा मी खाली व्हते. तुमी डोळं मिटलं व्हतं. मी न्हवतं मिटलं."

मी उठलो. दोर घेतला, कोयता कमरेला लावला आणि ओढ्याकडं निघालो. ती हाका मारत राहिली, मी मागं बघितलं नाही. पहिल्याच झाडाला दोर टाकला आणि चढलो. माणूसभर उंचीपर्यंत काही वाटलं नाही. मग तो घोटा वळायचा बंद झाला. दुखलाही नाही, नुसता नाहीसा झाला. पाय खाचेत टाकतोय असं मला वाटायचं आणि तो बाहेरच लोंबकळायचा. मी खोडाला मिठी मारून राहिलो. वर जाता येईना, खाली येता येईना. बापाच्या खाचा नाकासमोर होत्या.

खालून आवाज आला, "टाच टाका. माझा खांदा हाय खाली."

शेणाचे हात तसेच घेऊन ती आली होती. तिच्या खांद्यावर पाय देऊन मी उतरलो. ती एवढंच म्हणाली, "भावाला सांगावा धाडू का?"

मी कमरेचा कोयता सोडला. तिच्या हातात दिला.

दुकानदारानं कळंबला निरोप पोचवला. मेव्हणा बाजाराच्या आधी आला. मी खालून शिव्या देत होतो आणि तो वर तासत होता. "पातळ तास, लाकडं फोडतोस का काय?" तो वरून म्हणायचा, "दाजी, घसा बसंल तुमचा." बाजाराच्या दिवशी गाभे अजून सुकतच होते, पण सगळ्या झाडांना मडकी बांधलेली होती. केंद्राच्या माणसानं रिकामी मडकी मोजली आणि सायकलवर बसून गेला. झाडं राहिली. मी परत कधी चढलो नाही. दुकानदाराची माफी मागायला मी गेलो नाही. पहिली नीरा त्याच्या घरी पाठवली, त्यानं समजायचं ते समजून घेतलं.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. बाटली चुकली नव्हती. बाटलीत निखळ खोबरेल असलं तर ती आजही चुकायची नाही.

पुढच्या थंडीपासून मी रोज सकाळी बूच काढून आधी वास घ्यायचो, मग उजेडात धरून बघायचो. ती चुलीपाशी केस सोडून बसलेली असायची.

"हुंगून झालं असंल तर हिकडं द्या," ती म्हणायची. "डोक्याला लावायचं असतंय ते."