उलटतपासणीकडून सरतपासणीकडे

सरकारी वकिलाच्या परीक्षेचा निकाल लागला, तेव्हा मी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या सरांच्या ऑफिसात एका जामीन अर्जातल्या टायपिंगच्या चुका काढत होते. नऊ वर्षं त्याच टेबलावर काढली होती. सर फौजदारीतले जुने वकील, मूळचे अक्कलकोटकडचे. रागावले की कानडीत बोलायचे आणि समजवायला लागले की मराठीत. त्या दिवशी ते दोन्ही भाषांत गप्प बसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "अगं, इथं निदान पक्षकार समोर येऊन बसतो. घाबरलेला असतो, खोटंही बोलतो, पण असतो. तिथं तुझ्यासमोर कोण बसणार?"

परीक्षा का दिली, हे मला नीट सांगता आलं नसतं. कुतूहल म्हणावं तर तेवढंच होतं. नऊ वर्षं मी आरोपीच्या बाजूनं उभी राहत होते. पोलिसांनी कोर्टात दिलेल्या कागदांच्या प्रती आमच्याकडे यायच्या. त्यात कुठं काय जुळत नाही ते शोधायचं आणि उलटतपासणीत साक्षीदाराला नेमकं तिथं गाठायचं, हे माझं काम. ते मला चांगलं जमायचं. पण तेच कागद पलीकडच्या टेबलावरून कसे दिसतात, हे कधी बघितलं नव्हतं.

नेमणूक माढ्याच्या कोर्टात झाली. रोज सकाळी सोलापूरहून एसटीनं जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. कोर्टात मला एक लहान खोली मिळाली. त्यात एक टेबल, एक कपाट आणि खिडकीपर्यंत रचलेल्या फायली. मदतीला कोर्टाचं काम बघणाऱ्या हवालदार बाई होत्या. साक्षीदारांना बोलावणं, त्यांना शोधून आणणं, आले की बसवून ठेवणं, सगळं त्याच करायच्या. पहिल्या दिवशी मी सवयीनं दाराकडे बघत बसले, कोणीतरी आत येऊन "वकीलसाहेब" म्हणेल म्हणून. कोणीच आलं नाही. दुपारी एक फिर्यादी आला. खोलीत डोकावून त्यानं हवालदार बाईंना विचारलं, "आमचा वकील कुटं बसतो?"

"ह्याच की तुमच्या वकील," बाई म्हणाल्या.

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "ह्या तर सरकारच्या हायत," म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

खरी पंचाईत कोर्टात झाली. आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारून त्याची हकीकत कोर्टापुढं आणायची, ती सरतपासणी. तिच्यात उत्तर सुचवणारा प्रश्न चालत नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण जिभेला माहीत नव्हतं. पहिल्याच साक्षीदाराला मी विचारलं, "आरोपीनं तुम्हाला काठीनं मारलं, बरोबर?" समोरचे वकील ताडकन उठले आणि हरकत घेतली. न्यायाधीश बाई हसू दाबत म्हणाल्या, "मॅडम, उलटतपासणी त्यांना घेऊ द्या. तुम्ही नुसतं काय झालं ते विचारा."

काय झालं? इतका साधा प्रश्न मी नऊ वर्षांत कोणाला विचारला नव्हता. उलटतपासणीचा पहिला धडाच असा, की उत्तर ठाऊक नसेल तो प्रश्न विचारायचा नाही. आता प्रश्न विचारून गप्प उभं राहायचं आणि समोरचा काय सांगेल ते ऐकायचं. सुरुवातीला ती शांतता सहन व्हायची नाही. मग हळूहळू तिच्यातच मजा वाटायला लागली. एका म्हातारीला मी चोरीबद्दल विचारलं, तर तिनं आधी सकाळपासून शेळीनं काय काय खाल्लं ते सांगितलं आणि शेळी ओरडली म्हणूनच आपण बाहेर आलो, इथवर येऊन पोचली.

तीन-चार महिन्यांनी टेंभुर्णीच्या हायवेवरच्या अपघाताची केस उभी राहिली. आरोग्य केंद्रातल्या एक नर्सबाई रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवून उभ्या होत्या. ट्रकनं त्यांना उडवलं. त्या वाचल्या, पण एक पाय कायमचा अधू झाला. त्यांची साक्ष आधीच झाली होती आणि त्यात त्या एकच गोष्ट सांगू शकल्या होत्या, की आपल्याला अपघाताचं काहीही आठवत नाही. त्यामुळं सगळा भार एका साक्षीदारावर आला. अपघात झाला त्या जागेसमोर त्याचं टायर-पंक्चरचं दुकान होतं.

हवालदार बाईंनी त्याला माझ्या खोलीत आणलं. पन्नाशीचा मुस्लिम गृहस्थ, पांढरी दाढी, नखांत काळं ग्रीस. खुर्चीवर बसण्याआधी तो मला बघतच राहिला.

"म्याडम, तुमी सोलापूरच्या कोर्टात हुता नव्हं?"

"होते."

"तुमीच मला खोटा पाडला हुता."

तेव्हा मला ते आठवलं. सोलापुरातल्या एका गॅरेजमधली मारामारी. एका मेकॅनिकच्या डोक्यात लोखंडी वस्तू घातली होती. मी आरोपीची वकील होते आणि हा माणूस, त्याच गॅरेजात कामाला असलेला, सरकारी साक्षीदार. पोलिसांना दिलेल्या जबाबात त्यानं "गज" सांगितलं होतं आणि कोर्टात तो "पाना" म्हणाला. मी तेवढंच धरलं. गज की पाना? तेव्हा खोटं बोललात की आत्ता? तो पिंजऱ्याच्या कठड्याला धरून गप्प राहिला. आरोपी सुटला आणि सरांनी त्या संध्याकाळी सगळ्या ऑफिसला पेढे आणवले.

मी त्याला बसायला सांगितलं. विचारायची गरज नव्हती. ती केस केव्हाच संपली होती आणि माझा आता तिच्याशी संबंध नव्हता. तरी विचारलं, "तेव्हा काय झालं होतं?"

"पानाच हुता," तो म्हणाला. "मी जबाब देताना पानाच म्हणलो. हवालदार म्हणले, गज लिवतो, एकच हाय. पण पाना हुता, चोवीसचा रिंगपाना. मला कसा म्हाईत न्हाय? मारणाऱ्याला आधी नट काढायचा हुता म्हणून मीच त्याच्या हातात दिला हुता की."

सोलापूरच्या कोर्टात मी त्याला पस्तीस-चाळीस प्रश्न विचारले असतील. 'काय झालं होतं?' हा त्यात नव्हता.

"तुमी इचारलंच न्हाय," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. "आमच्या सरकारी वकिलांनी पण न्हाय इचारलं."

मग मी अपघाताच्या केसमधला त्याचा जबाब काढला. साक्षीआधी साक्षीदाराला त्याचा जबाब वाचून दाखवतात. मीही एरवी दोन मिनिटांत भरभर वाचून मोकळी झाले असते. त्या दिवशी एकेक ओळ वाचून त्याच्याकडे बघत गेले. "ट्रकचालकाने भरधाव वेगात येऊन स्कूटरला धडक दिल्याचे मी पाहिले," या ओळीवर त्यानं मान हलवली.

"हे न्हाय. धडक बघितली न्हाय मी. खाली मान घालून टायर चेपत हुतो. आवाज आला तवा वर बघितलं."

हवालदार बाई दारातच उभ्या होत्या. "मॅडम," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे असंच सांगितलं तर केस जाईल."

मलाही तेच वाटलं. नर्सबाईंचा तो पाय डोळ्यांपुढं आला. पण एका शब्दावरून या माणसाला खोटं पाडून झालं होतं आणि आता एका ओळीसाठी त्याला खोटं बोलायला लावणं माझ्यानं होणार नव्हतं. "जे बघितलं तेच सांगा," मी म्हणाले. "नाही बघितलं ते नाही म्हणा. वर बघितल्यावर काय दिसलं?"

"बाई पडली हुती. डायवर खाली उतरला, त्याचं तोंड बघितलं." तो थांबला. मी काही न बोलता वाट बघितली. "आन् रबर बघितलं. रस्त्यावर टायर घासल्यालं. आमचा धंदाच त्यो, नजर तितंच जाती. स्कूटरच्या काचा पडल्या हुत्या, त्याच्या पुढनं रबर घासलं हुतं. काचांच्या अलीकडं कायच न्हाय. म्हंजे उडवल्यावर ब्रेक मारला की त्यानं."

मी फाईलमधला घटनास्थळाचा पंचनामा काढला. त्याला एक हातानं काढलेला नकाशा जोडला होता. त्यात काचांची जागा होती आणि तिच्या पुढं दोन समांतर रेघा, शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं, "टायरच्या खुणा". पोलिसांनी काढल्या होत्या, पंचांनी सह्या केल्या होत्या, मी ती फाईल दोनदा चाळली होती.

कोर्टात तो तसंच बोलला. धडक बघितली नाही, हे त्यानं स्वतःहून सांगितलं, तेव्हा आरोपीच्या वकिलांचा चेहरा खुलला. मग रबराची गोष्ट आली. ते उलटतपासणीला उठले आणि मी विचारलं असतं तेच त्यांनी विचारलं, "हे सगळं तुम्ही पोलिसांना का सांगितलं नाही?"

"त्यांनी इचारलं न्हाय, साहेब."

"म्हणजे आज कोर्टात नवीन रचून सांगताय."

"नवीन न्हाय. तितं रस्त्यावर हुतं. कुनी पन बघितलं असतं."

मी नकाशा न्यायाधीशांपुढं ठेवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला.

ट्रकचालक दोषी ठरला. शिक्षा फार मोठी नव्हती आणि पुढं अपील होणार हे सगळ्यांनाच माहीत होतं. मला आनंद झाला, पण जामीन मिळवल्यावर सरांच्या ऑफिसात व्हायचा तसला नव्हे. चालक माझ्याकडे न बघता खाली मान घालून जामिनाच्या कागदांवर सही करत होता.

त्या दुपारी नर्सबाई काठी टेकत माझ्या खोलीत आल्या. आभार मानायला आल्या असतील असं वाटून मी उठले. त्या खुर्चीत बसल्या, काठी भिंतीला लावली आणि जरा संकोचून म्हणाल्या, "मॅडम, त्या टायरवाल्या भाऊंनी काय सांगितलं, ते मला वाचून दाखवाल का? मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. मी घरातून निघाले, त्यानंतर एकदम दवाखाना. मधलं काय झालं, ते मला कोणी नीट सांगितलंच नाही."

मी हवालदार बाईंना दार लोटून घ्यायला सांगितलं. साक्षीची प्रत काढली आणि पहिल्या ओळीपासून हळूहळू वाचायला लागले. त्या अधूनमधून थांबवून विचारत होत्या. ऊन होतं का? मी कुठल्या बाजूला तोंड करून उभी होते? मला उचललं कोणी? जे कागदावर होतं ते मी सांगितलं. जे नव्हतं, ते विचारायला आम्ही टायरच्या दुकानात फोन लावला.