अजून कच्चा शे

आमच्या नानांना ताजं काही चालत नसे. चोपड्याला माझे हे मामा आजचं वर्तमानपत्र उद्या वाचत. "बातमी मुरू देवानी. निम्म्या बातम्या तर रातभरमा खोट्या निंघतीस," असं त्यांचं म्हणणं. नवा सदरा महिनाभर खुंटीवर टांगून मगच अंगात घालत. माझ्यासाठी आलेलं स्थळही त्यांनी असंच मुरत ठेवलं होतं. तोवर त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं. नाना म्हणाले, "देखं? घाई करती तर फसती."

फक्त बिडी त्यांना मुरवता येत नसे. एक विझायच्या आत दुसरी पेटे. खोकला असा की गल्लीच्या तोंडाशी लोकांना कळे, नाना घरी आहेत. शेवटी जळगावच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं, बिडी सोडा, नाहीतर पुढच्या वर्षी मला दाखवायला येऊ नका, गरज उरणार नाही. त्या दिवशी मामी पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.

मग पुण्याच्या पुतण्याने बिडीऐवजी ओढायचं धुराचं एक यंत्र, ती विजेवरची सिगारेट, आणून दिलं. तेव्हा त्यावर बंदी आलेली नव्हती. यंत्रात घालायचा रस घरीच करायचा होता. औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन आणि आइस्क्रीमवाल्याकडचा केळीचा अर्क, तंबाखूचं नाव नाही. पुतण्या सहज म्हणाला, "नाना, रस केल्यावर थोडे दिवस अंधारात मुरू द्या, चव सुधारते."

झालं! हे वाक्य नानांच्या काळजाला भिडलं. एवढं आधुनिक यंत्र, आणि तेही मुरवण्याला मानतं! त्यांनी लोणच्याची चिनी मातीची बरणी धुऊन वाळवली, रस ओतला, तोंडाला फडकं बांधलं. मामीने ही संधी सोडली नाही. श्रावणात घरी कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, बसली होती. तिच्यासमोर तिने नानांना हात जोडायला लावले आणि वदवून घेतलं, "रस मुरस तोपर्यंत बिडी बंद."

नानांना वाटलं, आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.

पण मुरला की नाही हे ठरवणार कोण? लोणचं मुरलं की नाही, हे मामी झाकणावरून वास घेऊन सांगे. अख्ख्या गल्लीच्या बरण्या तिच्या नाकाखालून जात. तिच्याजवळ बसून मीही वास घ्यायला शिकले होते. तेव्हा रसाचा निवाडाही तिच्याकडेच आला. नाना बरणी घेऊन उभे राहत, "मुरना का वं?" मामी डोळे मिटून वास घेई, थोडा विचार करी आणि म्हणे, "अजून कच्चा शे."

नाना हट्टाला पेटले. त्यांनी बरणीला गच्चीवर ऊन दाखवलं. पुतण्या फोनवर ओरडला की उन्हाने रस बिघडतो. "त्याले काय समजस?" म्हणत नानांनी ती गावाबाहेरच्या केळी पिकवायच्या कोठीत नेली. तिथे केळी पिकतात, मग केळीचा वास का पिकणार नाही? हा हिशेब बिनतोड होता. फक्त कोठीवाल्याच्या माणसांनी केळीच्या क्रेटबरोबर बरणीही ट्रकमध्ये चढवली, आणि ती इंदूर पाहून आली. नाना खूश. "प्रवासमा माणूस बी मुरस," म्हणाले. मामीने वास घेतला. "माले तर उलटा जास्तच कच्चा वाटस."

पुढे बंदी आली. नानांनी यंत्र पुतण्याला परत केलं. आता रस घालायचा कशात, हा प्रश्न कुणालाही पडावा. नानांना पडला नाही. कानबाईसमोरचा शब्द रसावर होता, यंत्रावर नव्हता. बरणी मुरतच राहिली. मधल्या काळात खोकला कधी गेला, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. गल्लीतले लोक दार वाजवून विचारू लागले, नाना घरी आहेत का?

गेल्या वर्षी मामीच गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. तिचं दिवसकार्य झाल्यावर मी परत निघाले, तर ओसरीवर नाना बरणी मांडीवर घेऊन बसलेले. सदऱ्याच्या खिशात बिडीचं नवं बंडल होतं, अजून न फोडलेलं.

"आते तू वास ली देख," ते म्हणाले. "मामीसारखं नाक तुलेच शे."

मी फडकं सोडलं. आत पिकल्या केळीचा असा गोड, गाढ वास होता की डोळ्यांत पाणी आलं. हा रस कैक वर्षांपूर्वीच मुरला होता. मामीला ते ठाऊक होतं. मी डोळे मिटले, थोडा विचार केल्यासारखं केलं.

"नाना, अजून कच्चा शे."

नानांनी फडकं पुन्हा घट्ट बांधलं, बंडल माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "मना बी तोच अंदाज व्हता. दिवाळीले ये. तव्हय परत देखसूत."