व्हीलचेअरवर बसलेले संचालक

ऊसतोडीपायी सातवीत शाळा सुटली आणि पुढं शिरूर कासारपासून लई लांबच्या एका लहान विमानतळावर मला व्हीलचेअर ढकलायचं काम मिळालं. दाखला न मागता ठेवून घेणाऱ्या तिथल्या मॅनेजर मॅडमचे उपकार मी विसरलेले नाही. विमानतळ कसला, दिवसाला एक विमान, बंद पडलेला कूलर आणि एकच व्हीलचेअर.

एका वर्षी दुष्काळात विमानतळाजवळच्या एका सहकारी साखर कारखान्याचे संचालक पाण्याच्या अभ्यास दौऱ्याला निघाले होते. गावंच्या गावं टँकरची वाट बघत होती आणि हे अभ्यासाला विमानानं! खुर्चीवाल्याला रांग नसते हे कळल्यावर त्यांच्यातले एक धडधाकट साहेब खुशाल व्हीलचेअरवर जाऊन बसले. तेवढ्यात पायाला प्लॅस्टर घातलेल्या एक आजी रिक्षातून आल्या. विमान सुटायला थोडाच वेळ होता.

तक्रार झाली तर नोकरी जाईल, हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, "मालक, उठा. आजींना खुर्ची पायजे."

"का म्हणून? कुठली गं तू?"

"शिरूर कासारची."

"मग आमच्याच कारखान्याचा ऊस तोडला असंल तुमी!"

"तोडलाय की. पण बसून न्हाई."

बाकीचे संचालक फिदीफिदी हसले. साहेब ताडकन उठले आणि माझी तक्रार करायला तरातरा मॅडमकडे गेले. गुडघे चांगले ठणठणीत होते.

मी तिथूनच विचारलं, "मॅडम, माझी नोकरी जाईल का?"

"आधी आजींना विमानात बसव," त्या म्हणाल्या आणि साहेबांना रांगेचं शेवटचं टोक दाखवलं.