पायांच्या गोळ्या

आमच्या घरात ‘पाय’ या शब्दाला दोन अर्थ होते. एक सगळ्यांचा, दुसरा फक्त माझा आणि नवऱ्याचा. सकाळी मी संडासातून बाहेर आले की नवरा चहा ढवळत विचारायचा, “पाय कसे आहेत?” मी म्हणायचे, “बरे आहेत,” नाहीतर, “आज विचारूच नकोस.” मुलांना वाटायचं, आईचे पाय दुखतात.

ते अगदीच खोटं नव्हतं. जपानात भूकंप झाला त्या वसंतात हिगाशी-कसाईतली आमची निम्मी इमारत विमानात बसून भारतात गेली. काही परत आले, काही आलेच नाहीत. नवऱ्याच्या कंपनीनं त्याला सोडलं नाही आणि त्याला एकट्याला टाकून जायला मी तयार नव्हते, म्हणून आम्ही राहिलो. बायकामुलं पुण्या-मुंबईला पाठवून मागे राहिलेल्या इंजिनिअरांचे वरण-भातावाचून हाल चालले होते. मी चार डबे सुरू केले, त्यांचे बघता बघता चाळीस झाले. कुणी भांडवल दिलं नाही, कुणी भाषा शिकवली नाही. जपानी भाजीवाल्याकडून कोथिंबीर घासाघीस करून घेणारी त्या भागातली मी पहिली बाई असेन. तो भाव कमी करायचा नाही. पण मी हलायचेच नाही, आणि शेवटी तो वैतागून एक जुडी वर टाकायचा.

पहाटेपासून ओट्याशी उभं राहायचं. संध्याकाळी पाय असे सुजायचे की मोज्याच्या रबराची खूण झोपेपर्यंत घोट्यावर राहायची. हे पायांचं. दुसरं दुखणं धाकट्याच्या बाळंतपणापासूनचं होतं. मूळव्याध हा शब्द आमच्या माहेरी हळू आवाजातसुद्धा कुणी उच्चारत नसे. मी तो उच्चारला तो एकदम कोल्हापूरच्या सर्जनसमोर, उन्हाळ्यात गेले होते तेव्हा, रक्त जायला लागलं म्हणून.

त्यांनी तपासलं आणि ऑपरेशन करून टाका म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टर, ऑपरेशन केलं की डबे बंद आणि डबे बंद झाले की गिऱ्हाईक गेलं, दुसरं काय देता ते बोला. ते हसले. बरीच घासाघीस झाल्यावर गोळ्यांवर सौदा ठरला. संत्र्याच्या सालीतून काढलेलं औषध, नारिंगी रंगाच्या भल्यामोठ्या गोळ्या. शिरा सैल पडल्या की रक्त साचतं, ही गोळी शिरांना आवळून धरते, असं त्यांनी समजावलं. पायातल्या काय आणि तिथल्या काय, शिरा त्याच. “पण एक अट,” ते म्हणाले. “रक्त पुन्हा दिसलं तर घासाघीस नाही. तिथं जो कोणी डॉक्टर असेल त्याला दाखवायचं.”

मी कबूल केलं. एका औषधात दोन दुखणी, आणि त्यातलं एक चारचौघांत सांगण्यासारखं, यापेक्षा चांगला सौदा कुठला? नवऱ्यानं कागद वाचून एवढंच म्हटलं की डब्यात शिरा आणि पायात शिरा, तुझा धंदा काही शिऱ्यापासून सुटत नाही.

गोळ्यांनी काम केलं. सूज उतरली, रक्त थांबलं. आणि मग सातव्या मजल्यावरचीनं घोळ घातला.

ही माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. जपानी कंपनीत नोकरी, जपानीची परीक्षा पास, आणि तिचं सर्टिफिकेट दारातून आत शिरल्याबरोबर दिसेल असं लावलेलं. मला ताई म्हणते. तिच्याकडे नवरात्रातल्या हळदीकुंकवाला जेवण झाल्यावर मी गोळी घेतली, तर तिनं विचारलं, “कसली हो ताई?” मी म्हटलं, पायांची. “अय्या, माझेही सुजतात,” म्हणून तिनं एक पाकीट मागून घेतलं, पुण्याहून मागवून लगेच परत करते म्हणाली. तिथंच थांबली असती तर एक वेळ चाललं असतं. पण तिनं वाण लुटावं तशी सगळ्या बायकांत जाहिरात केली, की पाय दुखत असतील तर ताईंकडे छान गोळ्या आहेत, मागा हवं तर.

बायकांनी मागितल्या. इचिकावाहून कुणाच्या तरी सासूबाईसुद्धा आल्या. डॉक्टरला विचारून घ्या, म्हणून मी सांगून पाहिलं, पण झाडापासूनचं औषध म्हटलं की लोकांना ते पुदिन्याच्या चटणीसारखं वाटतं. आणि नाही तरी कशी म्हणणार? गोळीचा दुसरा उपयोग सांगितला असता तर एकीनंही हात पुढं केला नसता, हे मला कळत होतं. पण ते सांगायचं म्हणजे सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं आणि मग माझ्या हातचा डबा कोण खाणार? भारतातून औषध आणायचं तर तेही मोजकंच आणता येतं. पुढचा उन्हाळा लांब होता. थंडी सुरू झाली आणि माझा गोळ्यांचा डबा रिकामा झाला. कुणी परत केल्या नाहीत. सातव्या मजल्यावरचीनं तर आणखी दोनदा नेल्या होत्या. त्याआधी मे महिन्याच्या सुट्ट्यांत ही आठवडाभर गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊन आली, तेव्हाही इमारतीत मिठाईचा साधा खोका आणला नाही. इथं माणूस शेजारच्या गावाला गेला तरी येताना काहीतरी आणतो. हेही मी मनात ठेवलं होतं.

मग एका सकाळी रक्त दिसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी मिकानची, म्हणजे इथल्या संत्र्यांची, सालं उकळून ते पाणी प्यायले. तोंड कडू झालं, बाकी काही नाही. नवरा म्हणाला, कोल्हापूरला कबूल केलंयस, आता दाखव. मी म्हटलं, चल मग बरोबर. तर म्हणतो, “मला जपानीत सर्व्हर बंद पडलाय एवढंच सांगता येतं.”

राहिली ती सातव्या मजल्यावरची. मी तिला विचारलं, तर येते की म्हणाली, पण लगेच तिचंही काम पुढं केलं. सासू-सासरे येणार होते, त्यांच्यासाठी पुरणपोळ्या हव्या होत्या. मी म्हटलं, पोळ्या माझ्या, पण तूप तुझं आणि पुरण वाटायला तू खाली यायचं. वाटण्यावरून थोडं ताणलं, शेवटी कबूल झाली.

“नेमकं काय सांगायचं डॉक्टरांना?” तिनं विचारलं.

“पाय.”

“पायच ना, ताई?”

“पायच.”

तर ती मला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. गेलीच असणार, पाय म्हटल्यावर दुसरीकडे कुठं नेणार? आत सगळे म्हातारे-म्हाताऱ्या मानेला पट्टे लावून बसलेले. माझ्या दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे काढले. तरुण डॉक्टरनं ते दिव्यासमोर लावून माझी हाडं किती सुंदर आहेत ते बराच वेळ सांगितलं. मग पोटऱ्या दाबल्या, घोटे फिरवले, टाच उचलायचा व्यायाम स्वतः उभं राहून करून दाखवला. मला खुर्चीवर धड बसवत नव्हतं. एका कुल्ल्यावर भार देऊन मी ते सगळं बघत होते. डबे शेजारणीवर सोपवून आले होते, सकाळ वाया चालली होती आणि हा मला टाचा उचलायला शिकवत होता. पाठीला लावतात तशा चिकटपट्ट्या तो लिहून द्यायला लागला, तेव्हा माझं डोकं फिरलं.

नवऱ्यानं फोनवरून एक शब्द शोधून दिला होता. जी. मूळव्याधीला जपानीत एवढंच म्हणतात.

“जी,” मी म्हटलं.

डॉक्टरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मला वाजले किती ते नम्रपणे सांगितलं.

“जी,” मी आवाज चढवला. तर त्यानं कागद आणि पेन माझ्यापुढं सरकवलं. वाजले किती त्यातलाही जी, अक्षर म्हणजेही जी आणि माझं दुखणंही जी. एवढी मोठी भाषा, त्यांना आणखी एक शब्द सुचू नये?

मी सातव्या मजल्यावरचीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. मग ती हलक्या आवाजात मराठीत मला म्हणाली, “लाल आहे की काळपट? शौचाच्या आधी की नंतर? काही बाहेर येतं का? आपोआप आत जातं की ढकलावं लागतं?”

मी उत्तरं दिली, आणि देता देताच माझ्या लक्षात आलं की कोल्हापूरच्या सर्जननं याच प्रश्नांनी सुरुवात केली होती, याच क्रमानं. ती डॉक्टरकडे वळली आणि जपानीत सावकाश, एकदाही न अडखळता सगळं सांगितलं. त्या बोलण्यात ‘जी’ कुठं आलाच नाही. त्याहून सभ्य शब्द होते तर. असले शब्द परीक्षेच्या पुस्तकात नसतात, एवढं मलाही समजतं. डॉक्टर कानापर्यंत लाल झाला, उठून वाकला आणि हे आपल्याकडे नाही म्हणाला.

बाहेर येऊन तिनं सायकल काढली आणि फोनवर नकाशा न बघता निघाली. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत, लाँड्रीच्या मागून. मी माझ्या सायकलवर सीटला न टेकता मागून ओरडून विचारलं, “हा रस्ता तुला कसा ठाऊक?”

“स्टेशनजवळच आहे, ताई.”

“मी स्टेशन नाही विचारलं.”

यावर ती म्हणाली, “सायकल पुढं लावू नका हं, उचलून नेतात. मागच्या बाजूला जागा आहे.”

मागच्या बाजूला जागा होती.

या दवाखान्यात बायकांसाठी वेगळी वेळ होती आणि डॉक्टरही बाई होती, पांढऱ्या केसांची. काउंटरवरच्या मुलीनं सातव्या मजल्यावरचीला बघून ओळखीचं हसू दिलं. मी सगळं टिपत होते, पण आधी माझं काम होतं. मी तिला म्हटलं, डॉक्टरीणबाईंना सांग, तपासायची काही गरज नाही, ते भारतात झालंय. माझ्या गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखव आणि म्हणावं, यासारखं झाडपाल्याचं काही असेल ते लिहून द्या, मी निघते.

तिनं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, मान तिरकी केली, दातांमधून हवा आत ओढली आणि म्हणाल्या, “चोत्तो…”

मी वाट बघत बसले. चोत्तो म्हणजे थोडंसं. थोडंसं काय? पुढं काहीच नाही. इथं माणसं नाही म्हणत नाहीत, एवढंच म्हणतात आणि वाक्य तिथंच सोडून देतात. समोरचा नाही म्हणाला की त्याला हो म्हणायला लावता येतं, तेवढं मी आयुष्यभर केलंय. पण जो नाहीच म्हणत नाही त्याच्याशी घासाघीस करायची कुठून?

तरी मी केली. म्हटलं, “सांग त्यांना, आज औषध द्या. पुढच्या महिन्यात येते, तेव्हा बघा काय बघायचं ते.”

“ताई, हे मी नाही सांगणार.”

“का? माझं बोलणं पोचवायला आली आहेस ना?”

“आले आहे. पण हे नाही. मीही असंच पुढं ढकलत बसले होते. इथं पहिल्यांदा आले, त्यांनी तपासायचं म्हटलं, तर पळून गेले. वर्षभर हे ना ते खात बसले. मग ऑपरेशनच करावं लागलं.”

“कधी?”

“मे महिन्यात.”

“मे महिन्यात तर तू झऱ्यांवर गेली होतीस.”

बोलता बोलताच मला मिठाईचा खोका आठवला. हॉस्पिटलातून कुठला खोका आणणार?

“आणि माझ्या गोळ्या?”

“ऑपरेशन झालं तरी भीती वाटते, ताई. पुन्हा होईल अशी.”

डॉक्टरीणबाई हात मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या, आम्ही हवापाण्यावर बोलतोय अशा. मी उठले आणि पडद्यामागं गेले. कोल्हापूरला दिलेला शब्द होता, आणि घासाघीस करायला कुणी उरलंच नव्हतं.

तपासणी मी समजत होते त्याच्या निम्म्या वेळात उरकली. मूळव्याधच होती. ऑपरेशनची वेळ आत्ता आलेली नाही, पण रक्त जात होतं म्हणून आतड्याचीही कॅमेऱ्यानं तपासणी करू, असं त्या म्हणाल्या. ती तपासणी पुढं झाली, काही निघालं नाही. मलम दिलं, आणि मुळ्या-सालींची एक भुकटी, जिची चव ओल्या गोणपाटासारखी होती. रोज गरम पाण्यात बसायचं, ओट्याशी अधूनमधून खुर्ची घ्यायची. माझ्या गोळ्यांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, त्या इथं मिळत नाहीत, औषध वाईट नाही, पण रक्त जात असताना न तपासता नुसतं खात राहायचं नाही. भुकटी मी नाक दाबून प्यायले आणि काही आठवड्यांत रक्त थांबलं. डबे एक दिवससुद्धा बंद पडले नाहीत.

पुरणपोळ्या केल्या. पुरण वाटायला ती खाली आली, तूप मात्र कमी आणलं.

उन्हाळ्यात कोल्हापूरहून मी गोळ्या आणल्या, सर्जनना विचारून. त्यानंतरच्या हळदीकुंकवाला एक नवी मुलगी आली होती, नुकतीच लग्न होऊन आलेली. तिनं मला विचारलं, “काकू, तुमच्याकडे म्हणे पायांच्या गोळ्या असतात?” माझ्या पिशवीत पाकीट होतं. आता कसं टाळावं म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात सातव्या मजल्यावरची भरल्या खोलीत म्हणाली, “अगं, त्या पायांच्या नाहीत. ताईंच्या मूळव्याधीच्या आहेत.”

मुलीचा हात मागं गेला. मग कुणीतरी तिळाच्या वड्यांचं ताट फिरवलं. त्या दिवसापासून इमारतीतल्या एकीनंही माझ्याकडे गोळी मागितलेली नाही आणि एकही डबा बंद झालेला नाही, हे मी मान्य करते. खाली उतरताना तिनं मला जिन्यात गाठलं आणि म्हणाली, “वाचवल्या की नाही तुमच्या गोळ्या?”

वाचवल्या. पण ‘ताईंच्या’ कशाला? ‘आमच्या’ म्हणाली असती तर तिचं काय जात होतं? आणि नेलेल्या गोळ्या तर तिनं अजून परत केलेल्या नाहीतच.